ग्रोथ फॅक्टर आणि पेप्टाइडचं सीरम लावावं का? वांग असलेल्यांनी आधी हे वाचा

नेरूळच्या एका ताईंनी विचारलंय. वय ४३, ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी, दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आहे आणि डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या दिसायला लागल्यात. वाशीतल्या एका सलूनमध्ये त्यांना सांगितलं की ग्रोथ फॅक्टर पेप्टाइडचं सीरम रोज लावा आणि त्याच सीरमने मायक्रोनीडलिंगची, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला छिद्रं पाडण्याची, सहा सिटिंग्ज करून घ्या, वांगही जाईल आणि सुरकुत्याही जातील. पॅकेजचा अ‍ॅडव्हान्स देऊन झालाय, एक बाटली ऑनलाइन मागवून ठेवलीये ती अजून सीलबंद आहे. आईला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, त्यामुळे पेशी वाढवणारी गोष्ट चेहऱ्याला लावायची म्हटल्यावर त्यांना धास्ती वाटतेय. फायदा खरंच किती, कॅन्सरचा धोका आहे का, आणि रेटिनॉलबरोबर (व्हिटॅमिन ए चा एक प्रकार, सुरकुत्यांवर लावतात) चालेल का, असे तीन प्रश्न आहेत.

मी ठाण्यात नौपाड्याला स्किनची प्रॅक्टिस करते आणि हल्ली हे प्रश्न सारखे येतात, पेशंट मोबाइलवर बाटलीचा फोटो काढूनच आत येतात, म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते.

ताई, थेट उत्तर असं की सीरममुळे कॅन्सर होईल ही भीती तुमच्या बाबतीत बाजूला ठेवा, पण वांगावर सुया मारून ते सीरम आत सोडणं अजिबात करू नका. आणि नुसतं वरून लावलंत तर नुकसान सहसा होत नाही, पण जेवढे पैसे जातात त्या मानाने फायदा फार थोडा आहे. आता का ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे ग्रोथ फॅक्टर आणि पेप्टाइड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानात आणि जाहिरातीत त्या एकाच नावाखाली विकल्या जातात म्हणून सगळा गोंधळ होतो. ग्रोथ फॅक्टर म्हणजे शरीरातली प्रथिनं जी एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप नेतात, वाढ, जखम भर, कोलॅजन (त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन) बनव, इकडे नवीन रक्तवाहिनी काढ असे. यातलं सगळ्यात माहितीतलं म्हणजे ईजीएफ, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. स्टॅन्ले कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीतून काढलेला अर्क नवजात पिल्लांना टोचल्यावर दिसलं की पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडतायत आणि दातही लवकर येतायत, त्याचा माग काढत त्यांनी हे प्रथिन वेगळं केलं आणि १९८६ मध्ये त्यांना रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर नोबेल मिळालं. म्हणजे गोष्ट खोटी नाही, हवेतली तर अजिबात नाही. पण लक्षात घ्या की पिल्लांना ते टोचलं होतं, वरून चोळलं नव्हतं.

इथेच सगळी मेख आहे. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर, मेलेल्या पेशींचा, चेहऱ्यावर साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर जाडीचा असतो, पण अडवण्याच्या कामात तो एकदम पक्का आहे. साधारण नियम असा धरतात की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू धडधाकट त्वचेतून सहज आत जात नाही. ईजीएफ ५३ अमिनो अ‍ॅसिडचं प्रथिन आहे, त्याचं वजन ६,००० डाल्टनच्या आसपास, आणि हे ग्रोथ फॅक्टरमधलं छोटं पिल्लू, टीजीएफ-बीटा २५,००० चं आहे, रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ तर ४०,००० च्या घरात जातं. मग लावून काही होतच नाही का, तर तसंही नाही, घामाच्या आणि केसांच्या छिद्रांतून थोडं जातं, वरच्या जिवंत पेशींपर्यंत काही पोचलं तर त्या पेशी खालच्या थराला पुढचे निरोप देतात असं मानलं जातं. पण पोचणारं प्रमाण फार थोडं असतं, आणि ज्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन बनवतात त्या अजून खाली असतात.

जिथे त्वचा फाटलेली असते तिथे मात्र चित्र पालटतं. मधुमेहींच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमा हे आपल्याकडचं मोठं दुखणं आहे आणि त्यावर ईजीएफचं जेल आपल्याकडे हैदराबादला बनतं, डॉक्टर ते लिहूनही देतात. पीडीजीएफ नावाच्या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचं जेल, बेकाप्लर्मिन, अमेरिकेत १९९७ मध्ये याच जखमांसाठी मंजूर झालं. उघड्या जखमेत औषध थेट पेशींना भिडतं म्हणून उपयोग होतो. या औषधांच्या जोरावरच कॉस्मेटिकवाले म्हणतात की बघा सायन्स आहे, आणि सायन्स आहेच, फक्त ते जखमेचं आहे, तुमच्या गालावरच्या न फाटलेल्या त्वचेचं नाही.

आता पेप्टाइड. ही अमिनो अ‍ॅसिडची छोटीशी साखळी असते, दोन-पाच-सहा मण्यांची. कॉपर पेप्टाइड, म्हणजे जीएचके, तीनच अमिनो अ‍ॅसिडचं, १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांनी माणसाच्या रक्तातल्या प्लाझ्मात शोधलं, तांबं धरून वजन ४०० डाल्टनच्या आसपास, म्हणजे ५०० च्या आत. सीरम निळसर दिसतं ते तांब्यामुळेच. मॅट्रिक्सिल नावाने विकलं जातं ते पाल्मिटॉयल पेंटापेप्टाइड, आपल्याच कोलॅजनचा एक तुकडा, त्याला तेलकट शेपूट जोडलंय म्हणजे त्वचेच्या स्निग्ध थरातून सरकायला सोपं जातं. तुकडा दिसला की पेशींना वाटतं कोलॅजन तुटलंय, नवीन बनवा, अशी त्यामागची कल्पना. आर्जिरलिन हे तिसरं, त्याला बोटॉक्सची बहीण म्हणून खपवतात पण बोटॉक्स स्नायूला जोडलेल्या नसेच्या टोकाशी इंजेक्शनने पोचवावं लागतं, क्रीम तिथवर जात नाही, त्यामुळे तशी अपेक्षा धरू नका.

पेप्टाइडचा चांगल्यापैकी एक अभ्यास २००५ मध्ये आला, ९३ बायका, अर्ध्या चेहऱ्याला पेंटापेप्टाइडचं मॉइश्चरायझर आणि अर्ध्याला तेच मॉइश्चरायझर पेप्टाइडशिवाय, १२ आठवडे. बारीक रेषांत फरक दिसला, पण तो मोजून दाखवावा लागेल असा होता, शेजारीण विचारेल काय केलंस असा नाही. ग्रोथ फॅक्टर सीरमवरचा सुरुवातीचा गाजलेला अभ्यास २००३ चा, माणसं फक्त १४, साठ दिवस, आणि तुलनेला साधं क्रीम लावलेला गटच नव्हता. नंतर साठेक लोकांवर तुलनेचा गट ठेवूनही झाला आणि त्यात पोत, बारीक सुरकुत्या थोड्या सुधारल्या. बरेचसे अभ्यास कंपन्यांच्याच पैशांवर झालेत, आणि त्या बाटल्यांत हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी, नाना पेप्टाइड असं सगळंच असतं, मग त्वचा तुकतुकीत झाली त्याचं श्रेय नक्की कोणाला द्यायचं? नुसतं चांगलं मॉइश्चरायझर दोन महिने नेमाने लावलं तरी बारीक रेषा भरलेल्या दिसतात, हे मी रोज बघते.

लेझर किंवा पीलनंतर मात्र मी स्वतः कधीकधी ईजीएफचं जेल देते, क्लिनिकमध्ये, तेव्हा त्वचेला बारीक छिद्रं पडलेली असतात किंवा वरचा थर निघालेला असतो, लाली लवकर उतरते आणि खपल्या लवकर पडतात असं छोट्या अभ्यासांतही आलंय आणि माझा अनुभवही तसाच आहे. मेनोपॉजच्या आसपासच्या कोरड्या, पातळ झालेल्या त्वचेला ज्यांना ट्रेटिनॉइन (रेटिनॉलचाच जास्त जोरदार, औषधी भाऊ) अजिबात सोसत नाही, लगेच आग होते, साल निघते, त्यांना पेप्टाइडचं क्रीम हा चांगला पर्याय आहे, त्रास जवळजवळ नाही. मेनोपॉजनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन जवळजवळ ३० टक्के कमी होतं, त्यामुळे या वयात काहीतरी करावंसं वाटणं अगदी साहजिक आहे, त्यात चूक काही नाही.

आता कॅन्सरचं, कारण ताई, तुमची खरी धास्ती तीच आहे. ही शंका कुठून आली ते आधी सांगते. बऱ्याच कॅन्सरच्या पेशी ईजीएफसारख्या निरोपांवर वाढतात, म्हणून तर जेफिटिनिब, एर्लोटिनिब, सेटुक्सिमॅब ही कॅन्सरची औषधं नेमका ईजीएफचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा, बंद करतात (आणि त्यामुळे त्या पेशंटच्या चेहऱ्यावर, छातीवर पिंपल्ससारखे फोड उठतात, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्या कॅन्सर केंद्रात, ट्रीटमेंट चालू असलेले असे पेशंट माझ्याकडेही येतात). शिवाय त्या बेकाप्लर्मिन जेलवर २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं मंजूर करणारी सरकारी संस्था) ठळक चौकटीत इशारा टाकला होता, तीन किंवा जास्त ट्यूब वापरलेल्यांत कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं म्हणून. पुढे आणखी माहिती जमा झाली आणि २०१८ मध्ये ती चौकट काढून टाकली. इंटरनेटवर पहिला अर्धा भाग फिरत राहतो, दुसरा कोणी सांगत नाही.

आणि ते औषध होतं, उघड्या जखमेत, रोज. कॉस्मेटिक सीरममधलं प्रमाण त्यापुढे फार कमी आणि त्वचेतून आत जाणारं त्याहून कमी. सीरम लावल्यामुळे कोणाला कॅन्सर झाला असं दाखवणारा पुरावा नाही. आईला ब्रेस्ट कॅन्सर झाला म्हणून तुम्हाला हे सीरम बंद, असा काही नियम नाही. उलट मी म्हणेन आईच्या आजारामुळे तुमची स्वतःची तपासणी, मॅमोग्राफी कधीपासून आणि किती वर्षांनी, हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना याच महिन्यात विचारा, आईला कुठल्या वयात झाला तेही सांगा, त्यावर बरंच काही ठरतं. सीरमच्या काळजीत ते राहून जायला नको.

मी नाही म्हणते ते यांना: ज्यांना स्वतःला त्वचेचा कॅन्सर होऊन गेलाय किंवा चेहऱ्यावर एखादा तीळ बदलतोय, न भरणारी खपली आहे, ज्यांची कुठल्याही कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे त्यांनी ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, सोरायसिसवाल्यांनी जपून कारण तिथे पेशी आधीच नको तितक्या वेगाने वाढत असतात, ज्यांना केलॉइड होतात, म्हणजे कान टोचला तरी गाठ फुगते, त्यांनी सुया आणि ग्रोथ फॅक्टर दोन्हीपासून लांब. प्रेग्नन्सीत आणि अंगावर पाजत असताना कशाला विषाची परीक्षा, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पुरे.

कॅन्सरपेक्षा आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेला खरी भीती डागाची आहे आणि त्याबद्दल विकणारा कोणी बोलत नाही. हे सगळं बरंचसं गोऱ्या त्वचेवर, उन्हाने सुरकुतलेल्या त्वचेवर तपासलं गेलंय. आपल्याला सुरकुत्या उशिरा येतात पण रंग लवकर धरतो, पिंपल गेलं तरी काळा ठिपका सहा महिने राहतो, हे तुम्हाला माहीतच आहे. रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशीसुद्धा ग्रोथ फॅक्टरचे निरोप ऐकतात, स्टेम सेल फॅक्टर आणि बेसिक एफजीएफ हे दोन ग्रोथ फॅक्टर त्यांना चेतवतात, टीजीएफ-बीटा उलट थोडं शांत करतं. वांगाच्या त्वचेत व्हीईजीएफ मुळातच जास्त सापडतं, रक्तवाहिन्याही जास्त असतात, म्हणूनच काही जणींचं वांग लालसर दिसतं. मग ज्या बाटलीत पेशींनी सोडलेला सगळाच रस भरलेला आहे, त्यात चेतवणारेही आले आणि शांत करणारेही आले, त्याची बेरीज तुमच्या गालावर कुठल्या बाजूला जाईल हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. म्हणून वांग असेल तर मी मिश्र ग्रोथ फॅक्टरची सीरम देत नाही. एकट्या ईजीएफचं किंवा नुसतं पेप्टाइडचं असेल तर एवढी हरकत नाही.

आणि सुया. यावर मला जरा जास्त बोलायचंय. वरचा थर ०.०२ मिलिमीटरचा आणि सलूनमधल्या रोलरच्या सुया अर्धा ते दीड मिलिमीटरच्या, म्हणजे जो पहारेकरी सगळं अडवत होता तो एका मिनिटात बाजूला, आणि बाटलीत जे काही आहे, प्रिझर्वेटिव्ह, सुगंध, जंतू असतील तर जंतू, सगळं थेट आत. घोडबंदर रोडवरून एक बाई आल्या होत्या असंच पॅकेज करून. दोन्ही गालांवर रांगेने तपकिरी ठिपके, दोन ठिपक्यांतलं अंतर जवळजवळ सारखं, रोलर जिकडून जिकडे फिरवला ती दिशासुद्धा भिंगातून दिसत होती, आणि मूळचं वांग आणखी गडद झालेलं. मी त्यांना म्हटलं ती कुपी मिळाली तर आणा, त्यांनी आणली, काचेची छान कुपी, वर सोनेरी झाकण, आणि मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, फॉर एक्सटर्नल यूज ओन्ली. म्हणजे बनवणारा स्वतः सांगतोय की हे आत सोडू नका. डाग उतरायला कितीतरी महिने गेले, आणि त्या काळात त्या बिचाऱ्या घरच्या लग्नालासुद्धा जायचं टाळत होत्या, हे मला अजून लागतं कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

सुयांवाटे कॉस्मेटिक आत गेल्यावर त्वचेत गाठी, ग्रॅन्युलोमा होतात, याच्या केसेस २०१४ मध्येच वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आल्यात. आणि त्याहून गंभीर म्हणजे अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये व्हॅम्पायर फेशियल, म्हणजे स्वतःचं रक्त काढून त्यातला पीआरपी (प्लेटलेट जास्त असलेला भाग) सुयांनी परत चेहऱ्यात, हे करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली, तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४ मध्ये तो अहवाल दिला. पीआरपीमध्येही ग्रोथ फॅक्टरच असतात, नीट केलं तर ती उपयोगी ट्रीटमेंट आहे, मी करते, पण सुई कोणाची, ट्यूब कोणाची, हातमोजे बदलले का, सील तुमच्यासमोर फोडलं का, हे सगळं त्या खोलीतल्या माणसाच्या शिस्तीवर असतं. क्लिनिकमध्येसुद्धा विचारा, लाजू नका, मला विचारलं तर मला आवडतं. एक्सोसोमचं (पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांचं) फेशियल हल्ली नवीन निघालंय, त्याबद्दलही हेच, अमेरिकेच्या एफडीएने एकही एक्सोसोम प्रॉडक्ट मंजूर केलेलं नाही आणि २०१९ मध्ये जाहीर सावधही केलंय, तेव्हा ते टोचून घेऊ नका.

वांग असलेल्या त्वचेवर मायक्रोनीडलिंग कधीच करत नाहीत का, तर करतात, पण आधी वांग महिनोन् महिने शांत करून, योग्य औषध निवडून, सुईची खोली कमी ठेवून, आणि आधी कानाच्या मागे किंवा जबड्याच्या कडेला छोटा पॅच करून. सलूनच्या पॅकेजमध्ये पहिल्याच दिवशी पूर्ण चेहरा हा प्रकार नाही.

बाटली घेतलीच आहे तर तिचं लेबल वाचायला शिका. एसएच-ऑलिगोपेप्टाइड-१ लिहिलं असेल तर ते ईजीएफ, एसएच-पॉलिपेप्टाइड-१ म्हणजे बेसिक एफजीएफ. ही नावं यादीच्या शेवटी असतात, त्यावरून लगेच फसवलं म्हणू नका, ग्रोथ फॅक्टर अगदी सूक्ष्म प्रमाणातच वापरतात, पण सीरमचं नाव मोठ्या अक्षरात ईजीएफ आणि यादीत वरती सुगंध असेल तर संवेदनशील त्वचेला मी ते देणार नाही. काही सीरममध्ये ह्यूमन फायब्रोब्लास्ट कंडिशन्ड मीडिया असतो, म्हणजे माणसाच्या त्वचेच्या पेशी लॅबमध्ये वाढवून त्यांनी सोडलेला द्रव, त्यातल्या काहींच्या मूळ पेशी नवजात बाळाच्या सुंता केलेल्या त्वचेतून खूप वर्षांपूर्वी घेतलेल्या आहेत. युरोपात माणसापासून आलेले पदार्थ कॉस्मेटिकमध्ये चालतच नाहीत. तुम्हाला चालतं का नाही हे तुम्ही ठरवा, पण माहीत असायला हवं. जवाच्या रोपात किंवा जिवाणूत बनवलेलं ईजीएफही मिळतं, आइसलँडची एक कंपनी जवातूनच काढते, ज्यांना तसं हवं त्यांच्यासाठी.

परदेशी माल असेल तर लेबलवर भारतातल्या इम्पोर्टरचं नाव-पत्ता आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटचा नंबर असायलाच हवा, आपल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे ते बंधनकारक आहे. नुसती कोरियन अक्षरं आणि वर चिकटवलेला एमआरपीचा स्टिकर, असं असेल तर परत करा. आणि उन्हाचं बघा. प्रथिनं उष्णतेने बिघडतात. मे महिन्यात कुरिअरवाल्याने पार्सल सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या टेबलाशी टाकलं आणि तुम्ही रात्री आठला ऐरोलीहून आल्यावर उचललंत, तर आतल्या ईजीएफमध्ये किती दम उरला असेल? पेप्टाइड त्या मानाने तग धरतात. फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलं असेल तर ठेवा, फ्रीजरमध्ये नको, ड्रॉपर गालाला टेकवू नका, एअरलेस पंपवालं असेल तर उत्तम.

आता खर्चाचं, कारण काही परदेशी बाटल्या वीस हजारांच्या पुढे जातात आणि दोन-तीन महिन्यांत संपतात. तेवढ्या पैशांत वांगावर आणि सुरकुत्यांवर जे खरंच काम करतं ते वर्षभर होतं. वांगाला सगळ्यात आधी सनस्क्रीन, आणि साधं नाही तर टिंटेड, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, कारण वांग नुसत्या यूव्हीने नाही तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं आणि बिनरंगाची सनस्क्रीन तो उजेड नीट अडवत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर भरून पट्टी काढा एवढं घ्या, घरातून निघायच्या आधी, आणि दुपारी जेवणानंतर परत. आपल्याकडच्या दमट हवेत ती घामाने वाहून जाते, नेरूळ स्टेशनवरून ऑफिसपर्यंत पोचेतो निम्मी गेलेली असते. जेलसारखी घ्या, चिकट नको.

रात्री ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, हे डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायचं औषध आहे, ट्यूबला काहीशे रुपये लागतात आणि सुरकुत्यांवर, उन्हाच्या खुणांवर १९८० च्या दशकापासूनचा भक्कम पुरावा यालाच आहे. वाटाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला, आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात, आधी मॉइश्चरायझर. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर हे नाही, तेव्हा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड. वांगासाठी ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड वगैरेही असतं, पण ते बघून ठरवायचं, रक्ताच्या गुठळ्यांची हिस्टरी विचारून. आणि कृपा करून मेडिकलवाल्याने दिलेली ती गोरं करणारी तिहेरी क्रीम, स्टिरॉइडवाली, मनाने महिनोन् महिने लावू नका, तिच्याने चेहरा लाल, पातळ आणि केसाळ झालेल्या मुली ठाण्यात प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाकडे रांगेत असतात.

रेटिनॉलबरोबर चालतं का, तर हो चालतं. रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन रात्री ठेवा आणि पेप्टाइड किंवा ईजीएफ सकाळी, धुतलेल्या चेहऱ्यावर, मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडवालं व्हिटॅमिन सी आणि ग्लायकोलिकसारखी अ‍ॅसिडं मात्र त्याच वेळी नको, त्यांचा पीएच इतका कमी असतो की प्रथिन त्यात टिकत नाही, कॉपर पेप्टाइडचंही व्हिटॅमिन सीशी जमत नाही. ज्या दिवशी ट्रेटिनॉइनने साल निघतेय, त्वचा सोललीये, त्या दिवशी ग्रोथ फॅक्टर लावू नका, सोललेल्या त्वचेतून नेहमीपेक्षा जास्त आत जातं. नवीन काहीही असो, आधी कानामागे चार-पाच रात्री लावून बघा. फरक पडायचा असेल तर बारा आठवड्यांत कळतो, त्याच खिडकीशी, त्याच वेळेला, बिनमेकअपचा फोटो काढून ठेवा, नाहीतर आरशात रोज बघून काही समजत नाही. बारा आठवड्यांनी फोटोत काही दिसलं नाही तर दुसरी बाटली घेऊ नका.

तुमच्या सीलबंद बाटलीचं म्हणाल तर आज लेबलचा फोटो नीट बघा. कंडिशन्ड मीडिया किंवा एफजीएफ, व्हीईजीएफ असं मिश्रण असेल तर रिटर्न करा, सील आहे तोवर होतं. नुसतं पेप्टाइड किंवा एकटं ईजीएफ असेल तर ठेवा, पण वांगाची ट्रीटमेंट दोन-तीन महिने चालू झाल्यावर उघडा, म्हणजे काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळेल, एकदम चार गोष्टी सुरू केल्या की आम्हालाही शोधता येत नाही.

सलूनच्या पॅकेजचा अ‍ॅडव्हान्स परत मागा, लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज केलात तरी नोंद राहते. परत देत नसतील तर त्याच पैशांत सुयांशिवायचं काही, क्लीनअप, हेअर स्पा, आईचं फेशियल, काहीही बदलून घ्या. सुया नको म्हटल्यावर ते म्हणतील ताई अर्धाच मिलिमीटर आहे, काही होत नाही, तेव्हा आत काय सोडणार त्या कुपीचं मागचं लेबल दाखवा म्हणा, आणि दाखवलं नाही तर उठून या.